नाडीचे ठोके आणि मनगटावरचे घड्याळ

गेल्या काही वर्षांत आपल्या झरी जामणी तालुक्यातील खेड्यापाड्यांत एक नवी वस्तू शिरली आहे. ती म्हणजे मनगटावर बांधावयाचे फिटनेस घड्याळ. मुकुटबन, वणी, पांढरकवडा येथील मोबाईलच्या दुकानांत हजार-दीड हजार रुपयांतही ते मिळते. वेळ दाखविणे हे त्याचे दुय्यम काम झाले असून पावले, झोप, खर्च झालेल्या कॅलरी आणि मुख्य म्हणजे हृदयाचे ठोके ते सांगते. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलामुलींच्या हातांत ते हमखास दिसते. वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर बसून ही मुले आपापले आकडे ताडून पाहतात. एकाचे ठोके ५८, दुसऱ्याचे ७०, तिसऱ्याचे ८६. ज्याचे ५८ तो छाती फुगवतो आणि ज्याचे ८६ त्याचा चेहरा उतरतो. घरातील वडीलधारी मंडळीही आता मुलाचे घड्याळ दोन मिनिटे हातात घालून पाहतात व आकडा मोठा दिसला की घाबरतात.

ही तुलना कितपत खरी, घड्याळावर विश्वास किती ठेवावा, आणि ठोके सतत जास्त असतील तर आपल्या समाजाने नेमकी कशाची शंका घ्यावी, या तीन गोष्टी समाजबांधवांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे मांडाव्यात म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. परंतु ती नीट कळण्यासाठी पहिल्या दोन समजून घेणे जरूर आहे.

निरोगी प्रौढ माणूस शांत बसला असता त्याचे हृदय मिनिटाला साधारणपणे ६० ते १०० वेळा ठोके देते. यालाच विश्रांतीतील ठोके म्हणतात. ७२ हा आकडा शाळेच्या पुस्तकामुळे सर्वांच्या तोंडी बसला आहे; पण तो केवळ एक मधला आकडा आहे, नियम नव्हे. मिनिटाला ७२ धरले तर चोवीस तासांत १ लाख ३ हजार ६८० ठोके होतात. दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर फेकले जाते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. माणसाच्या अंगात रक्तही साधारण तेवढेच असते. थोडक्यात, आपण स्वस्थ बसलेले असतानाही अंगातील सगळे रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येते.

हृदयाचा वेग ठरविणारी एक लहानशी गाठ हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात असते. तिला तिच्या मनाप्रमाणे चालू दिले तर ती मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. पण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस तिला सतत लगाम घालते, म्हणून विश्रांतीत आपले ठोके साठ-सत्तरावर राहतात. ही नस श्वासाशीही जोडलेली आहे. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात व बाहेर सोडताना कमी होतात. तरुणांत हा फरक अधिक ठळक दिसतो. आनापानसती करणाऱ्या उपासक-उपासिकांनी मनगटावर बोट ठेवून शांतपणे लक्ष दिले तर त्यांना हे स्वतः अनुभवता येईल. तो आजार नाही, उलट निरोगीपणाचे चिन्ह आहे.

नियमित धावणाऱ्याचे हृदय काही महिन्यांत एका ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते. त्यामुळे त्याला विश्रांतीत कमी ठोके पुरतात. लांब पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूंचे ठोके ४० ते ५० च्या दरम्यान असणे नवल नाही. परंतु कमी ठोके म्हणजे अधिक दम, हे समीकरण दोन वेगवेगळ्या माणसांना लावता येत नाही. वय, शरीराची ठेवण, आईबापांकडून आलेला वारसा, स्त्री की पुरुष, यांनी मूळ आकडाच वेगळा असतो. स्त्रियांचे ठोके पुरुषांपेक्षा थोडे जास्त असतात, लहान मुलांचे तर बरेच जास्त. त्यावर रोजच्या कारणांची भर पडते. ताप एक अंश सेल्सिअस चढला तर ठोके साधारण दहाने वाढतात. रात्रीचे जागरण, अंगातील पाणी कमी होणे, परीक्षेची धास्ती, मे महिन्यातले आपल्याकडचे पंचेचाळीस अंशांचे ऊन, यांनीही ते वाढतात. चहाने काहींचे वाढतात. खर्ऱ्याने तर निश्चित वाढतात, कारण तंबाखूतील निकोटीन हृदयाला चाबूक मारल्यासारखे पळविते. खर्रा तोंडात धरून ठोके मोजणाऱ्या तरुणाने आपल्या आकड्याची चर्चा न केलेली बरी. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्यांनी ठोके कमी होतात, तर दम्याच्या काही औषधांनी वाढतात.

या बाबतीत एक मोठी पाहणी अमेरिकेत झाली. तेथील शास्त्रज्ञांनी ९२ हजार ४५७ लोकांच्या मनगटी यंत्रांतील नोंदी तपासून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांची सरासरी ६५ आली, पण एकेका व्यक्तीचा नेहमीचा आकडा ४० पासून १०९ पर्यंत कोठेही होता. म्हणजे दोन निरोगी माणसांत दुपटीहून जास्त अंतर असू शकते. याउलट एकाच व्यक्तीचा आकडा आठवड्यामागून आठवडे बहुधा एकाच पट्ट्यात राहिला. आठवडाभरात दहा किंवा अधिक ठोक्यांचा चढउतार एखाद्या वेळी तरी झाला असे लोक फक्त वीस टक्के होते. यावरून काय समजावयाचे? शेजाऱ्याचे ५८ व आपले ७८ यात आपल्याला उपयोगी अशी माहिती जवळजवळ नाही. पण आपले स्वतःचे ठोके वर्षभर ६८ च्या आसपास असून पंधरा दिवसांपासून ते ८४ वर गेले असतील, तर त्यात माहिती आहे. तुलना करावयाची ती आपल्याच मागच्या महिन्याशी.

आता मोजण्याविषयी. सकाळी उठल्यावर, चहा व खर्ऱ्याच्या आधी, पाच मिनिटे स्वस्थ बसावे. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या कडेला तर्जनी व मधले बोट हलके टेकवावे. अंगठ्याने मोजू नये; अंगठ्यात स्वतःचीही नाडी जाणवते व घोटाळा होतो. सेकंदकाटा असलेल्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे. दवाखान्यात पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात, पण त्यात एका ठोक्याची चूक झाली तर उत्तरात चारची चूक होते. शिवाय नाडी मधूनमधून चुकत असेल तर ते पंधरा सेकंदांत कळतही नाही. नाडीला घड्याळ लावण्याची कल्पना इंग्लंडमधील जॉन फ्लॉयर या डॉक्टरची. त्याने बरोबर एक मिनिट चालून थांबणारे खास घड्याळ करवून घेतले व १७०७ साली त्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वीचे बहुतेक वैद्य नाडी जलद आहे की मंद एवढेच सांगत.

आजचे मनगटी घड्याळ बोट लावत नाही, ते प्रकाश टाकते. घड्याळाच्या मागल्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकताना सर्वांनी पाहिला असेल. रक्त लाल दिसते, कारण ते हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाने ठोका दिला की मनगटाच्या कातडीखालील बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते, हिरवा प्रकाश अधिक शोषला जातो व परत येणारा प्रकाश किंचित घटतो. दोन ठोक्यांच्या मध्ये उलट होते. परत येणाऱ्या प्रकाशाचा हा चढउतार दिव्याशेजारील एक प्रकाशग्राहक टिपतो आणि आतील गणितयंत्र त्यातून ठोक्यांचा आकडा काढते. म्हणजे घड्याळ हृदय पाहत नाही, हृदयाचा विद्युतप्रवाहही पाहत नाही. तो पाहण्याचे काम ईसीजीचे आहे. काही महागड्या घड्याळांत एका तारेच्या ईसीजीची सोय असते, पण आपल्याकडे खपणाऱ्या स्वस्त घड्याळांत ती नसते.

यातूनच चुका कोठे होणार हे सांगता येते. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. हात हलला की रक्तही हिंदकळते आणि घड्याळाला तो ठोका वाटतो. धावताना पावले मिनिटाला १६० पडत असतील तर कित्येकदा घड्याळ पावलांनाच ठोके समजून १६० दाखविते. धावणारा समजतो की हृदय १६० वर गेले. हिवाळ्यात हात गार पडले की कातडीकडे रक्त कमी येते आणि आकडा भरकटतो. आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती फार महत्त्वाची आहे. ती म्हणजे गोंदण. आपल्याकडील कोलाम, गोंड व इतर समाजांतील वयस्क स्त्रियांच्या मनगटावर व हातावर गोंदण असते, आणि आता तरुणांतही मनगटावर नाव किंवा चित्र गोंदवून घेण्याची हौस वाढली आहे. गोंदणाचा काळा-निळा रंग हिरवा प्रकाश अडवितो. ॲपल कंपनीचे घड्याळ २०१५ साली बाजारात आले तेव्हाच गोंदलेल्या मनगटावर ते नीट चालत नसल्याच्या तक्रारी आल्या व कंपनीलाही ते मान्य करावे लागले. तेव्हा आजीच्या हातात घड्याळ घालून आकडा भलताच आला तर आजीला दवाखान्यात नेण्याआधी तिच्या गोंदण नसलेल्या मनगटावर बोट ठेवून पाहावे.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर घड्याळ बांधावे व ठोके मोजण्याचा आदेश द्यावा. काही घड्याळे काहीच दाखविणार नाहीत. काही मात्र टॉवेलचे ७० किंवा ८० ठोके निर्विकारपणे दाखवितात. यात ठकवणूक असतेच असे नाही. परत येणाऱ्या प्रकाशात थोडी तरी लय शोधावयाची, एवढेच त्या यंत्राला शिकविलेले असते, आणि माणसाच्या ठोक्यासारखी दिसेल अशी काहीतरी लय त्याला सापडते. परंतु ज्याने एकदा टॉवेलचे ठोके पाहिले त्याचा आकड्यावरचा आंधळा विश्वास उडतो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते की ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा म्हणून काही मानू नका, स्वतः पडताळून पाहा. काचेवर चमकणाऱ्या आकड्यालाही तो नियम लावण्यास हरकत नसावी.

याचा अर्थ घड्याळ टाकाऊ आहे असा मात्र नव्हे. माणूस स्वस्थ बसला असेल, पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर नीट बसला असेल, तर बऱ्या घड्याळाचा आकडा खऱ्या आकड्याच्या जवळच असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात यंत्रे साठ माणसांवर तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. पण खर्च झालेल्या कॅलरी एकालाही धड सांगता आल्या नाहीत. सर्वांत चांगले यंत्र सत्तावीस टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट त्र्याण्णव टक्क्यांनी. कॅलरीचा आकडा पाहून जेवण ठरविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० च्या तपासणीत, हालचाल करताना होणारी ठोक्यांची चूक विश्रांतीतल्यापेक्षा सरासरी तीस टक्क्यांनी जास्त आढळली. शिवाय विश्रांतीतील ठोके म्हणजे नेमके कोणते, हे प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने ठरविते. कोणी झोपेतील आकडे धरते, कोणी जागेपणी शांत बसल्यावेळचे. झोपेत ठोके कमीच असतात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या घड्याळांची तुलना म्हणजे एकाचे वजन उपाशीपोटी व दुसऱ्याचे जेवणानंतर करण्यासारखी आहे. २२० मधून वय वजा करून निघणारी कमाल ठोक्यांची मर्यादाही अशीच ढोबळ आहे. एकेका माणसात ती दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असते. काही घड्याळे रक्तातील साखरही दाखवितात असा दावा करतात. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. मधुमेही बांधवांनी अशा आकड्यावरून गोळी किंवा इन्सुलिन कधीही कमी-जास्त करू नये.

कातडीच्या रंगाचा प्रश्न येथे उपस्थित होतो आणि तो टाळून चालणार नाही. काळी-सावळी कातडी हिरवा प्रकाश अधिक शोषते, मग ही यंत्रे गोऱ्या लोकांसाठीच बनविली आहेत काय? ड्यूकच्या तपासणीत ठोक्यांच्या बाबतीत वर्णानुसार लक्षणीय फरक आढळला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरची गोष्ट निराळी निघाली. करोनाच्या काळात, २०२० व २०२१ साली, आशाताईंनी घरोघर जाऊन बोटाला जे चिमट्यासारखे यंत्र लावले तेच हे. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी दाखवून दिले की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ असा बरा आकडा दाखवीत असताना प्रत्यक्ष रक्ततपासणीत प्राणवायू ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते व गोऱ्यांत ३.६ टक्के. म्हणजे यंत्राने कृष्णवर्णीयांना तिपटीने अधिक वेळा फसविले. यंत्राला जात नसते व वर्ण नसतो असे आपण म्हणतो. परंतु यंत्र कोणाच्या कातडीवर तपासून बनविले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सावळ्या माणसाला आहे. प्राणवायू दाखविणाऱ्या स्वस्त घड्याळांचे आकडे म्हणून आपण अधिकच जपून घ्यावेत. सिकलसेलच्या रुग्णांत तर ऑक्सिमीटरचा आकडाही पुष्कळदा खात्रीचा नसतो.

सिकलसेलचा उल्लेख आला आहे, तर आता तिसऱ्या व मुख्य मुद्द्याकडे वळू.

घड्याळ नीट बसविले, बोटांनीही मोजले, आठ दिवस रोज सकाळी नोंद केली, आणि ठोके सतत ९५-१०० च्या घरात राहिले. ताप नाही, खर्रा नाही, औषध नाही. अशा वेळी काय समजावे? थायरॉइड ग्रंथीचा दोष असू शकतो, हृदयाचाही असू शकतो. पण आपल्या भागात सर्वांत आधी शंका घ्यावी ती रक्ताच्या कमतरतेची. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते १४ ग्रॅमवरून ७ वर आले तर त्याच पाच लिटर रक्तातून निम्माच प्राणवायू पोचणार. शरीराची गरज तर निम्मी होत नाही. मग हृदयाला दर ठोक्याला अधिक रक्त फेकावे लागते व ठोकेही वाढवावे लागतात. जिना चढताना धाप लागणे, पाण्याची घागर आणताना छाती धडधडणे, याचे मूळ कित्येकदा येथे असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक. तेव्हा मुलीचे ठोके मुलापेक्षा वीसने जास्त दिसले तर ती धावण्यात कच्ची आहे असे म्हणण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. मात्र ठोके ७० आहेत म्हणून रक्त पुरेसे आहे, असा उलटा निष्कर्षही काढू नये. कमतरता थोडी असेल तर नाडीवरून ती कळत नाही.

रक्ताच्या कमतरतेचे एक कारण विदर्भात, आणि आपल्या समाजात विशेष करून, वंशपरंपरेने चालत आले आहे. ते म्हणजे सिकलसेल. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने १९१० साली विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांचा निबंध १९५८ साली लॅन्सेट या नियतकालिकात आला. त्यानंतरच्या तपासण्यांतून विदर्भातील बौद्ध समाज तसेच गोंड, परधान, कोलाम इत्यादी आदिवासी समाजांत याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. इतर समाजांतही तो कमी-अधिक आहे. हा कोणत्याही जातीचा दोष नव्हे किंवा पूर्वकर्माचे फळही नव्हे. ज्या जंगलपट्ट्यांत मलेरियाचा कहर होता तेथे या जनुकाची एकच प्रत असलेली माणसे मलेरियातून अधिक तगली, म्हणून तो तेथे टिकला. पैनगंगेच्या काठचा आपला मुलूख अशाच पट्ट्यात मोडतो.

ज्याला आईबाप दोघांकडून हे जनुक मिळते तो रुग्ण. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, त्याची मात्र दहा-वीस दिवसांत मरते. म्हणून रक्त कायम कमी, डोळे पिवळसर, हातापायांत व सांध्यांत असह्य दुखणे, वारंवार ताप, आणि अर्थातच नाडी जलद. ज्याला एकाच पालकाकडून जनुक मिळते तो वाहक. त्याला बहुधा काहीच त्रास नसतो, त्याची नाडीही इतरांसारखीच असते. म्हणून वाहक ओळखणे कोणत्याही घड्याळाच्या किंवा नाडीपरीक्षेच्या आवाक्यात नाही. त्याला रक्ताची चाचणीच हवी. प्रथम सोल्युबिलिटी ही साधी व स्वस्त चाचणी होते. ती सकारात्मक आली तर रुग्ण की वाहक हे ठरविण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करतात. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब कोणी मांडू नये. दर वेळी शक्यता तीच. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट त्यात आहे. तरीही मुलीची सोयरीक मोडेल या भीतीने तपासणीचा कागद पेटीच्या तळाशी ठेवणारी घरे आहेत. मनगटावरचा आकडा मात्र तीच घरे सर्वांना कौतुकाने दाखवितात. हा विरोधाभास आम्हाला अस्वस्थ करतो.

भरतीसाठी धावणाऱ्या तरुणांना आम्ही हे आवर्जून सांगतो, कारण त्यांच्यात वाहक असणारच. १६०० मीटरच्या धावेसाठी एप्रिल-मेच्या उन्हात एकदम जोर लावणे वाहकाला इतरांपेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकते. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांची माहिती २०१६ साली अभ्यासली गेली. वाहक सैनिकांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही, ही दिलाशाची गोष्ट. परंतु अतिश्रमाने स्नायू विरघळण्याच्या आजाराचा धोका त्यांच्यात ५४ टक्क्यांनी अधिक होता. या अभ्यासातील सैनिकांना पाणी, विश्रांती व हळूहळू वाढविलेला सराव यांचे नियम लागू होते. तेव्हा वाहकाने धावणे सोडण्याचे मुळीच कारण नाही. त्याने पहाटे धावावे, अंतर आठवड्या-आठवड्याने वाढवावे, पाणी भरपूर प्यावे, आणि मांड्या-पोटऱ्या दुखून पाय जड पडले किंवा लघवी काळपट झाली तर ताबडतोब थांबून दवाखाना गाठावा. त्या वेळी घड्याळात ठोके किती आहेत हे महत्त्वाचे नाही. आणि ज्याचे सिकलसेल रुग्ण म्हणून निदान झाले आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सराव सुरू करू नये, तसेच लोहाच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत.

ठोके जास्त असण्याचीच काळजी लोक करतात. कमी असले तर खूश होतात. परंतु कपाशीच्या या जिल्ह्यात त्यालाही एक अपवाद सांगितला पाहिजे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांनी लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि नाडी पुष्कळदा मंद पडते, जरी काहींत ती जलदही होते. फवारून आलेल्या माणसाच्या मनगटावर ४८ दिसले तर तो दमदार गडी झाला असे समजू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, औषधाचा डबा सोबत घ्यावा व विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तेथे ॲट्रोपिनची इंजेक्शने देताना डॉक्टर नाडीचे ठोके वाढतात की नाही यावरही लक्ष ठेवतात.

छातीत दुखत असताना, डाव्या हातात कळ जात असताना, दरदरून घाम फुटला असताना घड्याळ पाहत बसू नये. हृदयविकाराच्या झटक्यात ठोके ७२ सुद्धा असू शकतात. १०८ क्रमांकाला फोन करावा. नाडी अनियमित चालणाऱ्यांत तर काही ठोके इतके दुबळे असतात की ते मनगटापर्यंत पोचतच नाहीत; अशा वेळी घड्याळ खऱ्या ठोक्यांपेक्षा कमी आकडा सांगते. अनियमित नाडीचा इशारा देणाऱ्या घड्याळांची तपासणी ४ लाख १९ हजार लोकांवर होऊन तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी छातीवर नोंदपट्टी लावून ती परत पाठविली, त्यांच्यातील ३४ टक्क्यांत दोष त्या नोंदीत सापडला. असा इशारा आला तर घाबरू नये, पण ईसीजी काढून घ्यावा.

आमची सूचना एवढीच की प्रत्येक घरात चार आण्याच्या कामाची एक वही असावी. महिन्यातून एक आठवडा रोज सकाळी बोटांनी मोजलेले ठोके, त्याच वेळी घड्याळाने दाखविलेले ठोके, ताप-जागरण-औषध असल्यास त्याची नोंद, एवढे तीन रकाने पुरेत. बोटे व घड्याळ यांत नेहमी चार-पाचांचाच फरक येत असेल तर ते घड्याळ विश्रांतीपुरते कामाचे आहे असे समजावे. पंधरा-वीसचा फरक पडत असेल तर त्याचा वेळ पाहण्यापुरता उपयोग करावा. पहिल्या पानावर घरातील प्रत्येकाच्या नावापुढे हिमोग्लोबिन किती व सिकलसेलची तपासणी झाली की नाही, हे तारखेसह लिहावे. ज्यांच्या नावापुढची जागा कोरी राहील त्यांनी ती वही घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी व भरतीच्या सरावाला उतरणाऱ्यांनी सर्वांत आधी जावे.